भवितव्याचे वायदे

कलकत्त्याच्या सरकारी लिलावात पाटण्याच्या अफूच्या पेट्या सरासरी कोणत्या भावाने खपतील, यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आपसांत लावलेल्या पैजेचा एक कज्जा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. १८४८ साली त्याचा निवाडा देताना लॉर्ड कॅम्बेल यांना, मनातून खेद वाटत असूनही, हे मान्य करणे भाग पडले की, इंग्लंडचा १८४५ चा जुगारविषयक कायदा हिंदुस्थानास लागू नसल्यामुळे अशा पैजेचे पैसे दावा लावून वसूल करता येतात. रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजानमल धोंडमल या नावाने हा निवाडा कायद्याच्या ग्रंथांतून अजून उद्धृत होतो. कंपनी सरकारने त्याच वर्षी २१ वा कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरवले, आणि त्यानेही पुरते भागेना म्हणून मुंबई इलाख्याने १८६५ साली स्वतःचा निराळा कायदा करून पैजेला पूरक असे दलालीचे व जामिनाचे करारही त्याच पंक्तीला बसवले. परंतु या जुन्या दप्तरात मला विशेष रस आहे तो दुसऱ्याच एका कारणाने. अफूच्या या कज्ज्यांत अशी एक तक्रार पुढे आली होती की, ज्यांचा पैसा भाव चढण्यावर लागला होता त्यांनीच लिलावात आपली माणसे उभी करून बोली भलतीच चढवली. पैज लावणाऱ्याने पैजेतली घटना स्वतःच घडवून आणावी, आणि तीही हजार मैलांवरच्या सरकारी लिलावात, ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्या पेठेला सुचली, त्या पेठेच्या वारसांना आजचे भाकित-बाजार समजावून सांगावयास फार कष्ट पडू नयेत.

अमेरिकेत ज्यास प्रेडिक्शन मार्केट म्हणतात, आणि आपल्याकडे काही काळ ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या नावाने मोबाइलवर ज्याचा सुळसुळाट झाला होता, त्याची रचना मुळात साधी आहे. समजा, फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक पुढील बैठकीत व्याजदर उतरवील किंवा नाही, असा प्रश्न आहे. दर उतरला तर धारकास एक डॉलर मिळावा आणि न उतरला तर काहीही मिळू नये, असा एक करार बाजारात मांडला जातो. जो ‘होय’ म्हणतो तो बासष्ट सेंट देतो, जो ‘नाही’ म्हणतो तो अडतीस सेंट देतो, दोघांचे मिळून एक डॉलर अनामत जमा होते, आणि बैठकीचा निर्णय जाहीर झाल्यावर तो डॉलर ज्याचे खरे ठरले त्याच्या खात्यावर जातो. दर उतरण्याची शक्यता शेकडा पंचाहत्तर आहे अशी ज्याची खात्री असेल, त्याला बासष्ट सेंटांचा करार स्वस्त वाटून तो खरेदी करील व भाव वर ढकलील. ज्याला ती शेकडा पन्नासच वाटते तो विकून भाव खाली ओढील. आणि या ओढाताणीत भाव जेथे स्थिरावेल तो आकडा म्हणजे त्या घटनेच्या संभाव्यतेविषयी बाजाराचा अदमास, असे मानतात. (गणिताला बिचकणाऱ्या वाचकाने येथेच पुस्तक मिटू नये, याहून अवघड हिशेब पुढे नाही.) बुकी आणि हा बाजार यांत भेद आहे तो एवढाच की, बुकी स्वतः भाव ठरवतो व स्वतःच प्रतिपक्षी असतो, तर येथे पेढी दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देऊन आपली दलाली घेते. निदान तत्त्वतः तरी, कोण जिंकतो याच्याशी तिला कर्तव्य नसते.

भाव हा विखुरलेल्या ज्ञानाचा गोळाबेरीज आकडा असतो, हा विचार अर्थशास्त्रात फ्रीड्रिख हायेक यांच्या १९४५ च्या निबंधामुळे रूढ झाला. त्याच्याही आधी, १९०७ साली, फ्रान्सिस गॉल्टन यांनी प्लिमथच्या पशुप्रदर्शनातील एका बैलाचे, तो कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल याविषयी लोकांनी लिहून दिलेल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या होत्या; क्रमाने लावता मधोमध येणारा अंदाज १२०७ पौंडांचा निघाला आणि प्रत्यक्ष वजन भरले ११९८ पौंड. ही गोष्ट या विषयावरील प्रत्येक लेखात येते. परंतु चिठ्ठीमागे सहा पेन्स फी असल्यामुळे थट्टेखोर लोक दूर राहिले, हे गॉल्टन यांनी नोंदवलेले निरीक्षण मात्र सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे. पदरचे पैसे घालावे लागले म्हणजे माणूस बोलण्यापूर्वी विचार करतो, आणि रक्कम मोठी असली तर विचारावरच न थांबता शोधही घेतो. २०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत जनमत-चाचण्या दोन्ही उमेदवारांना बरोबरीत दाखवीत असता पॉलीमार्केट या बाजारात ट्रम्प यांचा भाव साठ सेंटांच्या वर गेला होता. त्यामागे एका फ्रेंच सटोडियाची प्रचंड खरेदी होती; आणि या गृहस्थाने खरेदी करण्यापूर्वी स्वखर्चाने चाचण्या करवून घेऊन मतदारांना, ‘तुम्ही कोणाला मत देणार’ असे न विचारता, ‘तुमचे शेजारी कोणाला देतील’ असे विचारले होते. जे ज्ञान कोणत्याही वृत्तपत्राने विकत घेतले नाही ते या सटोडियाने नफ्याच्या आशेने विकत घेतले, आणि त्याचा निष्कर्ष भावाच्या रूपाने सर्वांना फुकट वाचावयास मिळाला.

तथापि या एका विजयाने दिपून जाण्याचे कारण नाही. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे या सार्वमताच्या वेळी सट्टेबाजांचा कौल राहण्याच्या बाजूने भक्कम होता. त्याच वर्षी ट्रम्प यांच्या पहिल्या निवडणुकीतही तो चुकला. शेकडा साठ म्हणजे दहापैकी चार वेळा उलटे व्हावयाचे, हे खरे. परंतु त्यामुळेच एखाददुसऱ्या निवडणुकीवरून बाजाराला द्रष्टा ठरवणे किंवा आंधळा ठरवणे, दोन्ही सारखेच उतावीळपणाचे आहे. शिवाय ज्या घटनेची शक्यता अगदी थोडी, तिचा करार बहुधा लायकीपेक्षा महाग विकला जातो, कारण पाच सेंटांत एक डॉलर मिळण्याचा मोह शर्यतीच्या मैदानावर जसा आवरत नाही तसा येथेही आवरत नाही. आणि जेथे उलाढाल तुटपुंजी असते तेथे एखादा धनिक थोड्याशा पैशांत भाव वाकवून तो लोकमत म्हणून वृत्तपत्रांत छापून आणू शकतो.

या बाजारांवर अंमल कोणाचा, हा प्रश्न अमेरिकेत जसा उपस्थित झाला आणि जसा चिघळला, त्याची हकिकत मी येथे त्रोटकच देतो. १९८८ साली आयोवा विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी अध्यक्षीय निवडणुकीवर एक छोटा बाजार अध्ययनासाठी उघडला. वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाने, म्हणजे कमोडिटी फ्यूचर्स ट्रेडिंग कमिशनने, पुढे त्यास पत्राद्वारे अभय दिले ते, कोणाचीही गुंतवणूक पाचशे डॉलरांच्या पलीकडे जाऊ नये, या अटीवर. २००३ साली संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने मध्यपूर्वेतील राजकीय उलथापालथींवर असाच बाजार उघडण्याची तजवीज केली. दोन सिनेटरांनी तिची जाहीर निर्भर्त्सना करताच दुसऱ्याच दिवशी ती गुंडाळण्यात आली. २०१० च्या वित्तसुधारणा कायद्याने दहशतवाद, हत्या, युद्ध, जुगार किंवा बेकायदा कृत्य यांवरचे करार सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवून रोखण्याचा अधिकार आयोगास दिला. २०२० साली कॅल्शी या पेढीस आयोगाची रीतसर सनद मिळाली. परंतु काँग्रेसमध्ये कोणत्या पक्षाचे वर्चस्व राहील यावरचे तिचे करार आयोगाने नाकारले, तेव्हा ती न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने निवडणूक म्हणजे जुगारही नव्हे व बेकायदा कृत्यही नव्हे, असा फैसला तिच्या बाजूने दिला.

येथून पुढे जे झाले ते मात्र सावकाश पाहण्याजोगे आहे. निवडणुका काही रोज होत नाहीत. सामने रोज होतात. कॅल्शीने २०२५ मध्ये फुटबॉल-बास्केटबॉलच्या सामन्यांवर करार मांडले आणि बघता बघता तिची बहुतांश उलाढाल खेळांवर येऊन ठेपली. खेळांवरील पैजांना परवानगी द्यावी की न द्यावी हा प्रत्येक घटकराज्याचा अखत्यार आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर सर्वांनी धरून चालले होते. राज्ये त्यासाठी परवाने देत, कर घेत आणि वयाची मर्यादा घालीत. आता नेवाडा, न्यू जर्सी, मेरिलँड यांच्या अंमलदारांनी या पेढीस मनाईची पत्रे धाडली, तेव्हा तिने उत्तर दिले की, आपण विकतो ती पैज नसून मध्यवर्ती सरकारच्या कायद्याखालील वायदा आहे, सबब राज्यांची हुकूमत आपल्यावर चालत नाही. न्यू जर्सीतील संघीय न्यायालयाने हे म्हणणे सकृद्दर्शनी उचलून धरले. मेरिलँडमधील संघीय न्यायालयाने ते झिडकारले. आणि ज्या आयोगाच्या नावाने ही ढाल पुढे करण्यात येत होती, पाच आयुक्तांसाठी रचलेल्या त्या आयोगात २०२५ च्या उत्तरार्धात एकच आयुक्त उरला होता. त्यात भर अशी की, आयोगाच्या नियमांप्रमाणे सनदधारक पेढी नवा करार कायद्यात बसतो असे स्वतःच प्रमाणित करून तो मांडू शकते. आयोगाला आक्षेप असेल तर त्याने मागाहून घ्यावा. राष्ट्राध्यक्षांचे एक चिरंजीव कॅल्शी व पॉलीमार्केट या दोन्ही प्रतिस्पर्धी पेढ्यांचे सल्लागार आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण अशा नोंदी मागाहून दप्तरात सापडत नाहीत.

पैज आणि वायदा यांतली सीमारेषा कोठे ओढावी, हा वाद वकिलांच्या स्वाधीन केला तर तो कधीच संपणार नाही. मला ती रेषा मुंबईच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व मिटते भाव तारायंत्राने मुंबईच्या कापूस बाजारात येत, आणि त्या भावांच्या शेवटच्या आकड्यांवर गिरणगावापासून भुलेश्वरापर्यंत पैसा लागत असे. मुंबईच्या जुगारबंदीच्या कायद्यात कापसाच्या, अफूच्या व समभागांच्या भावांवरचाच नव्हे, तर त्या भावांतील आकड्यांवरचा आणि रस्त्याने जाणाऱ्या मोटारींच्या नोंदणी-क्रमांकांवरचा जुगारही नाव घेऊन सांगितलेला आहे, तो मसुदा लिहिणाऱ्याच्या कल्पनाशक्तीमुळे नव्हे. पोलिसांनी एक दार लावावे आणि लोकांनी दुसरे उघडावे, या लपंडावाचा तो जमाखर्च आहे. १९६० नंतर लवकरच न्यूयॉर्कचे ते आकडे येणे बंद झाले. खेळ थांबला काय? कल्याणजी भगत आणि त्यांच्यामागून रतन खत्री यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून, व पुढे पत्ते ओढून, आकडा जाहीर करण्यास सुरुवात केली, आणि लावणाऱ्यांनी पूर्वीइतक्याच, किंबहुना अधिक उत्साहाने, ओपन-क्लोज लावणे चालू ठेवले. कापूस गेला, न्यूयॉर्क गेले, तार गेली. कोणालाही कसलीच उणीव भासली नाही. म्हणजे त्या आकड्यात कापसाविषयीचे ज्ञान कधीच नव्हते.

कोणत्याही भाकित-कराराला हीच कसोटी लावावी असे मला वाटते. घटनेच्या जागी मडक्यातली चिठ्ठी ठेवून पाहावी. थंडीच्या प्रमाणावरचे करार शिकागोच्या वायदेबाजारात १९९९ पासून चालतात. तेथे चिठ्ठी ठेवली तर थंडी कमी पडल्यास ज्याचे इंधन विकले जाणार नाही त्या कंपनीचे संरक्षण नाहीसे होईल. मुंबईत पायधुणीस चालणारा बरसातीचा सट्टा कायद्याने मोडून काढला, तो मोडणे त्या स्थळकाळी योग्यही असेल. पण पाऊस हा विषय त्यामुळे निषिद्ध ठरत नाही, कारण पाऊस पडतो की नाही यावर ज्याचे पोट अवलंबून आहे अशी माणसे कोट्यवधी आहेत. व्याजदर, महागाईचा निर्देशांक, पीकपाणी, साथीचा रोग, निवडणुकीचा निकालसुद्धा या कसोटीस कमीअधिक उतरतो. मंगळवारच्या बास्केटबॉल सामन्यात कोण जिंकेल हा करार तिला उतरत नाही. तेथे चिठ्ठी ठेवली तर जगाचे एवढेच नुकसान होईल की खेळ थोडा कमी रंगेल. जे करार उतरतात त्यांवर भांडवलबाजाराच्या नियंत्रकाने, वायद्यांच्या इतर मामल्यांप्रमाणेच, देखरेख करावी. जे उतरत नाहीत ते जुगाराच्या कायद्याखाली, त्याच्या करांसह, मर्यादांसह आणि अपकीर्तीसह राहावेत. वायद्याच्या वेष्टनात गुंडाळल्याने पैज मध्यवर्ती सरकारच्या आश्रयास जाते, हा युक्तिवाद मेरिलँडच्या न्यायालयाप्रमाणे मलाही पटत नाही.

याखेरीज करारांचा एक तिसरा वर्ग आहे आणि त्यास कोणीही परवाना देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घटनेची दोरी मूठभर माणसांच्या हातात असते, तिच्यावरील बाजार ज्ञान गोळा करीत नाही, त्या माणसांना बक्षीस लावतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉइनबेस या कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी तिमाही निकालांविषयीच्या संभाषणाच्या शेवटी, ‘बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन’ असे काही शब्द मुद्दाम एकामागून एक उच्चारले, कारण ते कोणते शब्द बोलतील यावर लोकांनी पैसे लावले होते. त्यांनी ती थट्टा मानली, आणि रक्कम लहान असल्याने ती थट्टा राहिली. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकी सैन्याने व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांना पकडून नेले, त्याच्या अगदी थोडे आधी पॉलीमार्केटवरील एका नव्या खात्याने ते पदच्युत होतील यावर तीस हजारांहून अधिक डॉलर लावले आणि चार लाखांवर कमावले, ती मात्र थट्टा नव्हे. समभागांच्या बाजारात आतली बातमी वापरणे हा गुन्हा कसा, हे सांगणारी कायद्याची परंपरा निदान तयार आहे. लष्करी मोहिमेची आतली बातमी जेथे भावात उतरते तेथे, ती बातमी शत्रूसही वाचावयास मिळते, ही अधिकची आपत्ती आहे. इंग्लंडने १७७४ साली असा कायदा केला की, ज्याच्या जगण्यामरण्यात आपला हितसंबंध नाही अशा माणसाचा विमा उतरवता येणार नाही. तत्पूर्वी लंडनचे लोक अनोळखी, आजारी, प्रसिद्ध, बदनाम, अशा कोणाच्याही आयुष्यावर विमे उतरवून त्यांच्या मृत्यूची वाट पाहत असत. आजच्या नियंत्रकाने अडीचशे वर्षांपूर्वीचा तो हितसंबंधाचा दाखला पुन्हा काढून वाचला तर बरे होईल.

घटना घडली किंवा नाही याची रुजुवात कोणी करावयाची, ही बाब वरकरणी कारकुनी वाटते. प्रत्यक्षात तंटे उपजतात ते तेथेच. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जुलैपूर्वी सूट घालतील काय, असा एक करार २०२५ मध्ये पॉलीमार्केटवर होता. जूनमध्ये ते हेग येथील परिषदेस काळे जाकीट घालून आले. अनेक वृत्तपत्रांनी त्यास सूट म्हटले. परंतु बाजाराच्या नियमांप्रमाणे अंतिम शब्द एका डिजिटल चलनाच्या धारकांच्या मतदानाचा होता, आणि त्यांनी तो सूट नव्हे असा कौल दिला. अशा मतदानात मत देणाऱ्याचाच पैसा पैजेत गुंतलेला असला तरी त्यास अडकाठी नसते. ज्या कज्ज्यात पंचच वादी असू शकतो, त्या पंचायतीपुढे कोट्यवधी डॉलरांचा हिशेब मिटावा, याला नवे तंत्रज्ञान हे कारण पुरेसे नाही. निकालाचा आधार कोणता सरकारी वा सर्वमान्य दस्तऐवज, हे करार मांडण्यापूर्वी लिहून ठेवलेले असावे, आणि तो वाचून निर्णय देणारा पेढीपासून व धारकांपासून अलग असावा, एवढी अट प्रत्येक परवान्यात घालण्यास कोणतेही नवे शास्त्र लागत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण राज्यघटनेने त्याचे दोन तुकडे आधीच करून ठेवले आहेत. सातव्या परिशिष्टातील संघसूचीच्या ४८ व्या नोंदीने शेअरबाजार व वायदेबाजार केंद्राकडे दिले. राज्यसूचीच्या ३४ व्या नोंदीने पैजा आणि जुगार राज्यांकडे दिले. तेव्हा भाकित-करारास काय नाव द्यावे यावरच तो कोणाच्या अंमलाखाली जाईल हे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला यांच्या शब्दकोडे-स्पर्धांच्या खटल्यात, ऋग्वेद-महाभारतापर्यंत मागे जाऊन, जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्यास व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरवले. दोनच वर्षांनी घेरुलाल पारख यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पैजेचा करार निरर्थक असला तरी बेकायदा नव्हे असेही म्हटले. हे दोन निर्णय एकमेकांशेजारी सुखाने नांदत आले. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने, म्हणजे आपल्या भांडवलबाजाराच्या नियंत्रकाने, जाहीर केले की, ओपिनियन ट्रेडिंगमध्ये ज्याची खरेदीविक्री होते तो रोखा नसल्यामुळे हा व्यवहार आपल्या अखत्यारीत येत नाही व गुंतवणूकदारांना आपले संरक्षणही तेथे मिळणार नाही. त्याच वर्षी २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांचे सर्वच ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, मना केले आणि ते चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड सांगितला. देशातील ओपिनियन ट्रेडिंगच्या पेढ्यांना आपला व्यवहार त्यानंतर आवरावा लागला.

क्रिकेटच्या पुढच्या चेंडूवर दहा-दहा रुपये लावून घेणाऱ्या या पेढ्यांसाठी अश्रू ढाळण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांचे बहुतेक करार मडक्याच्या कसोटीस क्षणभरही टिकले नसते. परंतु सेबीने ‘हे आमचे नव्हे’ म्हणावे आणि संसदेने ‘हे कोणाचेच नव्हे’ म्हणावे, यात पाऊस, कांद्याचा भाव किंवा साथीचा फैलाव यांविषयीचे जे थोडे करार खरोखर उपयोगी पडते त्यांची दखल घेण्यास कोणतेही दप्तर शिल्लक राहिले नाही. मुंबईत १९५३ पासून वायदेबाजार आयोग होता. २०१५ साली तो सेबीत विलीन झाला. त्याच्या वारसाहक्काने सेबीने अशा मोजक्या करारांची यादी स्वतः करावी, यादीबाहेरचे सर्व मना समजावे, आणि अमेरिकेप्रमाणे पेढीने मांडून मग परवानगी मागण्याची वहिवाट येथे पडू देऊ नये, असे मला वाटते. यादी लहान असेल. पहिली काही वर्षे ती दहा-बारा करारांपलीकडे जाऊ नये, आणि गुंतवणुकीची मर्यादा आयोवाच्या पाचशे डॉलरांइतकी तुटपुंजी असली तरी बिघडत नाही. गॉल्टन यांचे काम तर सहा पेन्सांत भागले होते.